परिचारिकेची नोंदवही : स्त्रीआरोग्य संशोधनातील एक न वाचलेले पान

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा एखाद्या नव्या शस्त्रक्रियेविषयी किंवा औषधाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. असे लेख आपल्या स्मरणिकेत नेहमी येतात आणि ते उपयुक्तही असतात. परंतु इतकी वर्षे मलकपेठेत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केल्यानंतर जी गोष्ट मनाला सर्वाधिक टोचते, ती कोणत्या औषधाची नाही. एका हरवलेल्या वहीची आहे. त्या वहीच्या निमित्ताने आपणा सर्व व्यवसायबंधू-भगिनींपुढे एक मत मांडावयाचे आहे.

मत प्रारंभीच स्पष्ट सांगते. स्त्रियांच्या आरोग्याविषयी आपल्या देशात जे संशोधन झाले, त्यात परिचारिका आणि आरोग्यसेविका बहुतांशी केवळ काम करणारे हात म्हणून राहिल्या. प्रश्न विचारणारी, त्याची नोंद ठेवणारी आणि निष्कर्षाखाली स्वतःचे नाव लिहिणारी संशोधक म्हणून त्यांना स्थान दिले पाहिजे. हे केवळ त्यांच्या सन्मानासाठी नव्हे, तर आपल्या रुग्ण स्त्रियांच्या हितासाठी दिले पाहिजे. आणि त्याची सुरुवात मोठ्या संस्थांची वाट न पाहता आपल्यासारख्यांच्या लहान नर्सिंग होममधूनही होऊ शकते.

एक वही

नलगोंडा क्रॉसरोडपासून थोड्या अंतरावर माझे छोटे प्रसूतिगृह होते. मलकपेठच्या गंजात महाराष्ट्रातून कांद्याच्या गाड्या येतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तो कांदा निवडणाऱ्या, पोती झाडणाऱ्या कष्टकरी स्त्रिया माझ्याकडे येत. कोणी तेलुगू बोले, कोणी दखनी, तर कोणी मराठवाड्याच्या सीमेवरची मराठी. माझे तेलुगू त्या काळी कामापुरतेच होते. मात्र माझ्याकडील मुख्य सिस्टर नलगोंडा जिल्ह्यातील. तिला या तिन्ही भाषा सारख्याच सहज येत आणि प्रत्येक स्त्री तपासणीच्या टेबलावर येण्यापूर्वी तिच्याशी चार शब्द बोललेली असे.

चौतिशीतील एक स्त्री तीन वेळा तीच तक्रार घेऊन आली. अंगावरून पांढरे जाणे, खाज, कंबरदुखी. तपासणीत ट्रायकोमोनासचा संसर्ग दिसला. मी दोन्ही वेळा तिला आणि तिच्या पतीला सात-सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या वेळी ती स्वतःच म्हणाली, ‘‘डॉक्टरम्मा, थैली निकाल दो.’’ तीन मुले झालेली, त्रास थांबत नाही, गर्भाशयमुखावर थोडी लाली आणि रुग्णाचा स्वतःचा आग्रह. मी शस्त्रक्रियेची तारीख दिली.

त्या सायंकाळी सिस्टर तिची वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. दवाखान्याच्या रजिस्टरव्यतिरिक्त ती स्वतःची एक दोनशे पानी वही ठेवीत असे, हे मला माहीत होते. मात्र ती मी कधी उघडून पाहिली नव्हती. सिस्टरने मला एकच प्रश्न विचारला : ‘‘मॅडम, गोळ्या लागू पडल्या नाहीत, की घेतल्याच गेल्या नाहीत?’’

वहीत त्या स्त्रीच्या नावासमोर दोन ओळी होत्या. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते, म्हणून सकाळची गोळी ती घेत नाही. आणि पतीच्या गोळ्या तिने पतीला दिल्याच नाहीत. सांगायची भीती वाटते. माझ्या केसपेपरवर यातले काहीही नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. ‘गोळ्या घेतल्या ना?’ या माझ्या प्रश्नाला ती मान हलवीत असे आणि मी पुढचा कागद ओढीत असे.

प्रथम मला रागच आला. नंतर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पती-पत्नी दोघांस बोलाविले. सिस्टरनेच त्या गृहस्थांशी बोलणे केले. पॅप स्मिअर केला, तो निर्दोष निघाला. दोघांनी औषध पूर्ण घेतले आणि काही आठवड्यांत तक्रार थांबली. शस्त्रक्रिया रद्द झाली. चौतिसाव्या वर्षी त्या स्त्रीचे गर्भाशय माझ्या हातून अकारण जाणार होते. ते माझ्या ज्ञानामुळे नव्हे, तर परिचारिकेच्या एका प्रश्नामुळे वाचले.

एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, हे मी जाणते. परंतु त्या वहीत अशी अनेक पाने होती. उपचार निष्फळ ठरले म्हणून ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी कितीजणींनी उपचार खरोखर घेतले होते, याचे उत्तर त्या पानांत मिळाले असते. ते मी शोधले नाही. पुढे सिस्टर नोकरी सोडून गेली, दवाखाना दुसऱ्या जागी हलविला आणि त्या गडबडीत ती वही जुन्या कागदांबरोबर रद्दीत गेली. दोष सर्वस्वी माझा.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणजे कोण?

हा शब्द हल्ली वारंवार कानी येतो आणि आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. ‘अर्धा डॉक्टर’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो. तो बरोबर नाही. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून असा पहिला शिक्षणक्रम सुरू केला. म्हणजे या कल्पनेच्या जन्मापासूनच परिचारिका आणि डॉक्टर एकमेकांसमोर नव्हे, तर एकमेकांशेजारी उभे होते. प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका निश्चित चौकटीत रुग्णास तपासते, ठरलेले उपचार करते, पाठपुरावा ठेवते आणि चौकटीबाहेरचे दिसताच डॉक्टरकडे पाठविते. स्त्रीआरोग्य ही पुढे या व्यवसायाची एक स्वतंत्र शाखा झाली. गर्भनिरोधन, गर्भारपणातील तपासण्या, कर्करोगाची प्राथमिक चाचणी आणि रजोनिवृत्तीच्या तक्रारी ही कामे तेथे मोठ्या प्रमाणावर अशा परिचारिका पाहतात.

या व्यवस्थेची परीक्षाही झाली. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये प्राथमिक उपचारांत डॉक्टरच्या जागी परिचारिका असल्यास काय होते, याविषयीच्या १८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णांच्या आरोग्याचे परिणाम बहुधा तितकेच किंवा काही बाबतींत अधिक चांगले आढळले. रुग्णांचे समाधान अधिक होते आणि प्रत्येक भेटीस लागणारा वेळही अधिक होता. हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या सिस्टरकडे माझ्याहून अधिक ज्ञान नव्हते. त्या स्त्रीसाठी माझ्याहून अधिक वेळ होता आणि तिची भाषा होती.

आपल्याच जिल्ह्यांतील पुरावा

परदेशातील उदाहरणे आपल्याला लागू नाहीत, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या मराठी मुलखाकडे वळू.

गडचिरोलीचे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या निबंधाने जगाचे डोळे उघडले, याचे कारण असे की तो रुग्णालयात बसून लिहिलेला नव्हता. रुग्णालयात जी येतच नाही, तिच्याविषयी तेथील केसपेपर काय सांगणार? ‘स्त्रिया आपल्यापर्यंत का येत नाहीत?’ हा प्रश्न गावात राहूनच सुचू शकतो.

दुसरे उदाहरण उस्मानाबादचे, म्हणजे २०२३ पासून ज्याचे नाव धाराशिव झाले, त्या जिल्ह्याचे. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे त्या परिसरात आहेत. १९५६ पर्यंत तो जिल्हा हैदराबाद राज्यातच होता आणि त्याचे जुने नाव आपल्या शेवटच्या निजामावरून पडलेले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेथे गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांच्या पाठपुराव्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर चाचणी न झालेल्या गटात ६४. खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन, समजूत काढून, स्त्रियांना तपासणीपर्यंत आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्याशिवाय यातले काहीच घडले नसते.

तिसरे उदाहरण तमिळनाडूतील दिंडिगुलचे. तेथे प्रशिक्षित परिचारिकांनी गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी केली. दोष दिसल्यास कॉल्पोस्कोपी केली आणि योग्य तेथे त्याच भेटीत क्रायोथेरपीही परिचारिकांनीच दिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रोगाचे प्रमाण २५ टक्क्यांनी, तर त्यामुळे होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये तर परिचारिकाही नव्हेत, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. हीच डोळ्यांनी करावयाची तपासणी उस्मानाबादच्या अभ्यासात मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट घडवू शकली नाही. तेथे एचपीव्हीची चाचणीच उपयोगी ठरली. एकच काम निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या ठिकाणी केले असता फळ वेगळे येते. म्हणून प्रशिक्षण, देखरेख आणि नोंदी यांत ढिलाई चालत नाही. तसेच या अभ्यासांवर नैतिक आक्षेपही घेतले गेले. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांना चाचणी का मिळाली नाही, असा प्रश्न जगभर विचारला गेला. तो प्रश्न गावातील प्रत्येक उंबरठ्यावर उभ्या असलेल्या सेविकेस आराखडा ठरण्यापूर्वी विचारला असता, तर तिने काय सांगितले असते, याची मला उत्सुकता आहे.

हात आणि डोके

आपल्या शहराला संशोधनाची परंपरा मोठी आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. डासांना स्वतःचे रक्त पिऊ देणारा हुसेन खान मात्र क्वचितच आठवतो. त्याला डासागणिक एक आणा मिळाला. त्या काळी तसेच चाले. परंतु सव्वाशे वर्षांनंतरही संशोधनातील श्रमाची वाटणी फारशी बदललेली नाही. नमुने परिचारिका घेते, संमतिपत्रावर सह्या ती मिळविते, पाठपुराव्यासाठी फोन ती करते. निबंधावर नाव आपले असते आणि तिचे नाव फार तर शेवटी, आभाराच्या ओळीत.

परिचारिका संशोधन करीतच नाहीत, असे मात्र नाही. एम.एस्सी. नर्सिंगमध्ये प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे आणि प्रत्येक विद्यार्थिनीस प्रबंध लिहावा लागतो. आपल्यापैकी ज्यांनी परीक्षक किंवा मार्गदर्शक म्हणून ते चाळले आहेत, त्यांना त्यांचा ठरावीक साचा माहीत आहे : अमुक विषयावरील नियोजित शिकवणीमुळे तमुक स्त्रियांच्या ज्ञानात किती भर पडली. शिकवणीपूर्वी प्रश्नावली, शिकवणीनंतर तीच प्रश्नावली, गुण वाढले, प्रबंध पूर्ण. तो पुढे महाविद्यालयाच्या कपाटात जातो आणि ती हुशार मुलगी रुग्णाच्या खाटेपासून दूर अध्यापनाच्या खुर्चीवर जाते. हा दोष त्या मुलींचा नाही. खाटेशेजारी सुचलेला प्रश्न हा संशोधनाचा प्रश्न असू शकतो, असे त्यांना कोणी सांगितलेच नाही. ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत, की घेतल्याच गेल्या नाहीत?’ हा प्रश्न कोणत्याही प्रश्नावलीहून मोलाचा आहे.

तेलंगणातील प्रयोग आणि आपली आकडेवारी

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तेलंगणातील ६०.७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ८१.५ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत ४४.५ टक्के होते. त्याच पाहणीत देशाची सरासरी २१.५ टक्के होती. आपल्या राज्यातील स्त्रियांची शरीरे देशातील इतर स्त्रियांहून वेगळी आहेत, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मुहूर्त, नातेवाइकांचा आग्रह, कोर्टाची भीती, रात्रीची गैरसोय, प्रसववेदनांची धास्ती ही कारणे आपण खासगीत एकमेकांस सांगतो. त्यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, याची खरी नोंद मात्र कोणाच्या केसपेपरवर सापडत नाही. प्रसूतीच्या खोलीत आठ तास बसणाऱ्या परिचारिकेस ती ठाऊक असते.

या परिस्थितीवर उपाय म्हणून आपल्याच शहरातील फर्नांडिस रुग्णालयाने २०११ पासून व्यावसायिक मिडवाइफ घडविण्याचे काम हाती घेतले. २०१७ मध्ये तेलंगण शासनाने त्या रुग्णालयाच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने करीमनगर येथे तीस परिचारिकांचा अठरा महिन्यांचा शिक्षणक्रम सुरू केला. केंद्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यात ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे नाव अधिकृतपणे आले. त्याआधी २००२ च्या सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने असाच शिक्षणक्रम पश्चिम बंगालमध्ये करून पाहिला होता. परंतु शिकून बाहेर पडलेल्यांसाठी स्वतंत्र पदेच नव्हती आणि तो रुजला नाही. शिक्षण दिले, पण अधिकार दिला नाही, की काय होते, याचा हा धडा आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. तेव्हा जुनी चूक पुन्हा होऊ नये, एवढीच अपेक्षा.

मिडवाइफच्या सातत्यपूर्ण देखरेखीविषयी कॉक्रेनचा अद्ययावत आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ चाचण्या आणि १८,५३३ स्त्रिया यांच्या आधारे तो सांगतो, की अशा देखरेखीत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, सिझेरियन आणि चिमट्याच्या प्रसूती थोड्या घटतात आणि स्त्रियांचा अनुभव अधिक चांगला असतो. पूर्वीच्या आवृत्तीत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही घटतात, असे म्हटले होते. नव्या आवृत्तीत ते खात्रीने म्हणता येत नाही. बहुतेक पुरावा श्रीमंत देशांतील आहे. म्हणजेच आपल्या राज्यातील पुरावा आपणच निर्माण केला पाहिजे, आणि तो या नव्या मिडवाइफांनी स्वतः लिहिला पाहिजे.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची गोष्ट याहून गंभीर आहे. बीड हाही एकेकाळचा आपल्याच राज्यातील जिल्हा. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी २०१९ मध्ये ओरड झाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला. बीडची बातमी वाचून आपण हळहळलो. मला मात्र माझ्या दवाखान्यातील ती तारीख आठवली. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रीस खाडा परवडत नाही, तसा गंजातील स्त्रीसही परवडत नाही. ‘थैली काढा’ हे तिचे शब्द खरे असतात, पण ते तिच्या आजाराविषयी नसतात. तिच्या हजेरीविषयी असतात. हे शब्द ऐकून त्यांचा अर्थ टिपणारी व्यक्ती जवळपास प्रत्येक दवाखान्यात असते. आपण तिला विचारीत नाही, एवढेच.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आपल्या बैठकांत हा विषय निघाला, की तीन आक्षेप हमखास येतात. ते पोकळ नाहीत, म्हणून त्यांचा विचार आवश्यक आहे.

पहिला आक्षेप भोंदूगिरीचा. आपल्या राज्यात परवान्याविना सलाइन लावणारे पुष्कळ आहेत. त्यात ही नवी भर कशाला? माझे उत्तर असे की परवानाविना काम करणारा आणि नोंदणीकृत, शिक्षित, चौकटीत काम करणारी परिचारिका यांत मूलभूत फरक आहे. भोंदू मनुष्य नोंद ठेवीत नाही, कारण नोंद त्याला अडचणीत आणते. जी स्वतःच्या कामाची नोंद ठेवते आणि ती सर्वांसमोर मांडते, ती भोंदूगिरीच्या विरुद्ध टोकाला उभी असते.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हापासून परिचारिकेच्या चुकीचेही उत्तर रुग्णालयास द्यावे लागते, ही भीती खरी आहे. म्हणूनच चौकट लेखी हवी. काय तिने ठरवायचे, काय विचारून करायचे आणि कोणत्या क्षणी आपल्याला बोलवायचे, हे कागदावर हवे. गर्भपात आणि सोनोग्राफी यांविषयीचे कायदे तर स्पष्टच आहेत आणि त्यांत पळवाट नको. आज बहुतेक नर्सिंग होममध्ये रात्री परिचारिकाच सर्व निर्णय घेते, मात्र कागदावर ते आपल्या नावाने असतात. ही स्थिती कोणासाठी सुरक्षित आहे?

तिसरा आक्षेप मोठ्याने कोणी बोलत नाही, पण तो असतो : आपल्या उत्पन्नाचे काय? याचे उत्तर मी एक व्यावसायिक म्हणूनच देते. जी स्त्री आज कोणाकडेच जात नाही, ती परिचारिकेकडे जाईल. पाचव्या कुटुंब पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया २ टक्केसुद्धा नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. आपण सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ रात्रंदिवस बसलो, तरी हे अंतर भरून निघणार नाही.

माझा स्वतःचा एक आक्षेप मात्र मी जोडते. खासगी दवाखान्यांत परिचारिकेस मिळणारे वेतन आणि तिच्यावरील कामाचा भार पाहता, ‘आता संशोधनही कर’ असे सांगणे हा अन्याय होईल. वेळ आणि मोबदला न देता दिलेला सन्मान हा सन्मान नसतो.

आपण काय करू शकतो?

मोठ्या योजना सांगण्याचा माझा अधिकार नाही. मंडळापुढे काही लहान सूचना ठेवते.

एक, मंडळाच्या सभासदांच्या ज्या दवाखान्यांत स्त्रीरोग विभाग आहे, तेथे परिचारिकेसाठी एकसारखी नोंदवही ठेवावी. त्यात प्रश्न मोजकेच असावेत : स्त्रीची तक्रार तिच्याच शब्दांत, लिहिलेले औषध खरोखर घेतले का, नसल्यास का, पतीने घेतले का, गर्भाशय काढण्याचा विषय प्रथम कोणी काढला, आणि ती पुन्हा आली नाही, तर का आली नाही.

दोन, ही वही भरण्यासाठी आठवड्यातून काही वेळ पगारी कामाचा भाग म्हणून राखून ठेवावा.

तीन, रुग्णाची संमती, नावाची गुप्तता आणि आचारसंहिता समितीची परवानगी यांबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम काटेकोरपणे पाळावेत. शहरातील एखाद्या परिचर्या महाविद्यालयाची मदत घेता येईल. त्यांनाही प्रबंधासाठी जिवंत विषय हवेच आहेत.

चार, या नोंदींवरून जे लिहिले जाईल, त्यावर परिचारिकेचे नाव आभारात नव्हे, तर लेखकांत असावे. ज्या ठिकाणी प्रश्न तिचा असेल, त्या ठिकाणी तिचे नाव पहिले असावे.

पाच, मंडळाच्या वार्षिक संमेलनात एक सत्र परिचारिकांचे असावे. बोलणाऱ्या त्या, ऐकणारे आपण.

यातून लगेच ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापून येईल, असा माझा भ्रम नाही. परंतु दोन-तीन वर्षांत मलकपेठ, चादरघाट, दिलसुखनगर या आपल्या परिसरातील स्त्रियांविषयी असे काही आपल्याला कळेल, जे आज आपल्यापैकी कोणासही ठाऊक नाही. आणि शस्त्रक्रियेची एखादी तारीख रद्द होईल.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. परदेशी विद्यापीठात त्यांनी आपल्या घरातील स्त्रियांचाच विषय संशोधनासाठी निवडला. पुढे पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि निराधार मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला, तेव्हा समाज त्या कामास हलके समजत होता. आज आपण त्या कामास हलके समजत नाही, असे म्हणतो. मग त्या कामातून जन्मलेल्या ज्ञानास तरी हलके का समजावे?

माझी सिस्टर आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. तिची वही परत मिळणार नाही. आपल्या दवाखान्यात मात्र अशी एखादी वही असण्याचा संभव आहे. औषधांच्या कपाटात किंवा ड्यूटी रूमच्या खणात. हा लेख वाचून झाल्यावर कृपया ती मागून घ्यावी, वाचावी आणि जिने लिहिली, तिला शेजारी खुर्ची देऊन विचारावे, ‘‘सिस्टर, हे तुम्ही का लिहून ठेवले?’’ एवढी विनंती करून हा लेख संपविते.